शंका-समाधान : रीत वेगळी म्हणून नीतीही वेगळी?

प्रश्न : मुलगी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेऊन शिकते. तिचं म्हणणं, बरं-वाईट ज्या त्या समाजाचं, तेव्हा बाहेरच्यानं दुसऱ्यांच्या रीतीला नावं ठेवू नयेत. मला पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : या वाक्यात दोन विधानं एकत्र शिवलेली आहेत. आधी ती उसवा. ‘नीती समाजागणिक ठरते’ हे पहिलं; यालाच सापेक्षतावाद म्हणतात. ‘म्हणून नावं ठेवू नका’ हे दुसरं, आणि ते पहिल्यातून निघत नाही. ‘नावं ठेवू नका’ हा नियम सगळ्या समाजांना लागू म्हणून सांगितला जातो, म्हणजे तो निरपेक्षच झाला, कुठल्याही एका समाजाच्या मतावर न टेकणारा. शेजाऱ्यावर चालून जाणं हीच एखाद्या टोळीची रीत असेल, तर पहिल्या विधानानुसार तिचं तेच योग्य! ही गफलत इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी 1972 साली नेमकी पकडली होती.

आता ‘रीती वेगळ्या’ या पुराव्याकडे वळू. वर्गात बहुधा प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसची गोष्ट सांगतात. इराणचा बादशहा दारियस याने ग्रीकांना विचारलं, किती पैसे घेऊन बापाचं प्रेत खाल? काहीही दिलंत तरी नाही, असं ते म्हणाले. मग आईबापांची प्रेतं खाणाऱ्या कलातिया टोळीच्या लोकांना विचारलं, किती घेऊन जाळाल? ते ओरडलेच. पण नीट पाहा : मेलेल्या आईबापांचा मान राखायचा, यावर दोघांचं एकमत आहे. वेगळा आहे तो विधी. म्हणून कुठलंही उदाहरण समोर आलं की पहिल्यांदा विचारावं, भांडण मूल्याचं आहे, रीतीचं आहे की निव्वळ माहितीचं? पुष्कळ उदाहरणं इथेच गळतात. सगळी मात्र नाहीत.

मग दुसरा प्रश्न : ‘समाजाचं मत’ म्हणजे कुणाचं? 1891चा संमतिवयाचा कायदा घ्या. शरीरसंबंधासाठी मुलीचं वय 10 वरून 12 केलं, एवढीच ती दुरुस्ती. आणि तिच्यावरून पुणं पेटलं. आगरकर बाजूने, टिळक विरोधात. शहर एक, जात एक, शाळा-कॉलेजही मिळून काढलेलं. यातलं कुठलं मत समाजाचं? बहुसंख्यांचं म्हणाल, तर प्रत्येक सुधारक व्याख्येनेच चुकीचा ठरतो, आणि त्याचं मत पुढे रुजलं की एकाएकी बरोबर होतो. शिवाय ज्यांच्या देहाचा प्रश्न होता, त्या दहा-बारा वर्षांच्या मुलींना कुणी विचारलंच नव्हतं.

गंमत अशी, की टिळकांनी सापेक्षतावादाचा आधार घेतलाच नव्हता. मुलीचं लग्न 16च्या आत आणि मुलाचं 20च्या आत करायचं नाही, असं सुधारकांनी आधी स्वतःवर बंधन घालून घ्यावं, ही सूचना त्यांचीच. परक्या सरकारने कायद्याने हात घालावा का, हा त्यांचा आक्षेप होता. ‘हे योग्य का?’ आणि ‘हे बदलायचा अधिकार कुणाचा?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या मुलीला खरं तर दुसरा म्हणायचा असावा. तसं असेल तर तिचं म्हणणं जोरकस आहे, आणि त्यासाठी सापेक्षतावादाची गरजही नाही.

तुमच्या बाजूलाही एक भोक आहे. निरपेक्ष नीती मानणारा आपल्या घरची रीतच निरपेक्ष समजून बसतो. सोवळं-ओवळंही एके काळी त्याच यादीत होतं.

प्रश्न : खोटं बोलणं नेहमीच वाईट नसतं, असं मानलं की माणूस सापेक्षतावादी होतो का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. कर्णपर्वात कृष्ण कौशिकाची गोष्ट सांगतो. चोरांच्या भीतीने माणसं रानात लपली होती. सत्याचं व्रत घेतलेल्या कौशिकाने चोरांना वाट दाखवली, ती माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. इथे नियमाला अपवाद आहे. पण कौशिक चुकला हे कुणाच्या मतावर अवलंबून नाही. ‘प्रसंगावर अवलंबून’ म्हणजे ‘मतावर अवलंबून’ नव्हे. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट मात्र 1797च्या लेखात कौशिकाच्याच बाजूने उभा राहतो : दाराशी खुनी येऊन विचारत असला तरी खोटं बोलू नये. कान्टच्या चाहत्यांनाही हे पचवणं जड जातं.