गोव्याच्या पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करावे?

जून ते सप्टेंबर या काळात पणजी-म्हापसा परिसरात हवेतील आर्द्रता बहुतेक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला 60 ते 65 टक्केही पुरतात, त्यामुळे कपाटात नुसती ठेवलेली लेन्स इथे सुरक्षित राहत नाही. रबरी कडेचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल (ओल शोषून घेणारे खडे) आणि स्वस्तातला आर्द्रतामापक एवढी व्यवस्था हौशी छायाचित्रकाराला पुरेशी आहे. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे, कारण फार कोरड्या हवेत रबर आणि वंगण खराब होण्याची शक्यता असते. रंग बदलणारे जेल घेतल्यास ते केव्हा तापवून पुन्हा वापरायचे, हे लगेच कळते. तीन-चार लेन्स असतील, तर विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली आर्द्रता आपोआप कमी ठेवणारे कपाट, घेणे मी अधिक योग्य मानतो.

लेन्ससोबत आलेली चामड्याची किंवा कापडी पिशवी मात्र डब्यात ठेवू नये, कारण ती ओल धरून ठेवते आणि बुरशीला खाद्यही पुरवते. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा, अन्यथा काचेवर दव धरते. मिरामारच्या किनाऱ्यावरून परतल्यावर खारट थर किंचित ओलसर कापडाने पुसावा. बुरशीने काचेवरचा लेप एकदा खाल्ला की तो परत येत नाही, म्हणून दर पंधरवड्याला लेन्समधून उजेडाकडे पाहून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, हे तपासावे.