सासऱ्यांना घेऊन जर्मनीतल्या द्राक्षबागांमधून सायकलने फिरावे का, की गाडी भाड्याने घ्यावी?

आपण विचारले आहे की सप्टेंबरमध्ये नऊ वर्षांचा मुलगा आणि सहासष्ट वर्षांचे सासरे यांना घेऊन नैऋत्य जर्मनीत येत आहोत, तर गाडी न घेता सायकलने द्राक्षबागा आणि जंगल पाहता येईल का, किती दिवस ठेवावेत, आणि ‘या वयात त्यांना सायकलवर बसवणे बरे दिसेल का’. पहिल्या दोन प्रश्नांना येथे अनेक जण उत्तर देतील. मी लिहीत आहे ती शेवटच्या वाक्यासाठी, कारण नेमके हेच वाक्य मला माझ्या थोरल्या भावाने ऐकवले होते आणि त्यावरचा आमचा वाद अजून मिटलेला नाही.

मी मानहाइमला राहते. येथून लोकल रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासात नॉयश्टाटला पोहोचता येते आणि तेथे फाल्त्सचा प्रदेश सुरू होतो. एका बाजूला ऱ्हाइन नदीचे सपाट खोरे, दुसऱ्या बाजूला फाल्त्सचे जंगल, आणि दोहोंच्या मधल्या उतारावर दक्षिणोत्तर पसरलेला द्राक्षबागांचा पट्टा. जर्मन वाइन मार्ग म्हणतात तो याच पट्ट्यातून, फ्रान्सच्या सीमेवरील श्वाइगेनपासून उत्तरेला बोकेनहाइमपर्यंत, सुमारे ८५ किलोमीटर जातो आणि १९३५ पासून त्याच नावाने ओळखला जातो. बागांमधून ट्रॅक्टरसाठी काँक्रीटचे आणि डांबरी अरुंद रस्ते केलेले आहेत. त्यांच्या तोंडाशी गाडी आणि मोटरसायकलचे चित्र असलेली लाल कडेची गोल पाटी असते, म्हणजे तेथे शेतीची वाहने आणि सायकल एवढेच चालते. भाड्याची गाडी घेतलीत तर आपण द्राक्षबागांच्या शेजारून जाल, द्राक्षबागांमधून जाणार नाही, आणि माझ्या मते पुढचा सारा निर्णय या एका गोष्टीवर व्हायला हवा.

माझे वडील, नाना, निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ते माझ्याकडे आले तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. श्टुटगार्टला राहणाऱ्या भावाने आधीच बजावले होते की तो गाडी घेऊन येईल आणि सगळे दाखवील, तोवर मी काही करू नये. मी ऐकले नाही. दोन सायकली भाड्याने घेतल्या आणि नॉयश्टाटहून हाम्बाख, माइकामर, झांक्ट मार्टिन असे करत एडेनकोबेनला निघालो. हाम्बाखच्या वर तो प्रसिद्ध किल्ला आहे, जेथे १८३२ च्या मे महिन्यात हजारो लोक स्वातंत्र्य आणि जर्मन ऐक्याची मागणी करण्यासाठी जमले होते. मी किल्ल्याकडे बोट दाखवून इतिहास सांगत होते आणि नाना सायकल तारेला टेकवून वेलीचे पान उलटे करून पाहत होते. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी आहे का, म्हणजे डाऊनी आली आहे का, हे त्यांना पाहायचे होते. डाऊनी नव्हती, पण पानावर निळसर डाग होते. ते बोटाने पुसत नाना म्हणाले, “हे तर बोर्डो दिसतंय.” बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाचे नाव फ्रान्समधल्या ज्या बोर्डोवरून पडले तो प्रदेश येथून फार दूर आहे, पण मोरचूद आणि चुन्याचा हा रंग नानांनी आयुष्यभर हातावर वागवलेला.

पुढे माइकामरच्या अलीकडे एक शेतकरी ट्रॅक्टर थांबवून ओळीच्या टोकाशी उभा होता. रीसलिंग जातीच्या द्राक्षांचे मणी कितपत पिकले आहेत हे तो पाहत होता. त्याने दोन मणी गोडी मोजायच्या, दुर्बिणीसारख्या मीटरच्या काचेवर पिळले, एकदा पाहिले, आणि नाना एकटक बघत आहेत हे लक्षात येताच मीटर त्यांच्या हातात दिले. कुणी काही सांगण्याआधीच नानांनी उजेडाकडे तोंड करून डोळा लावला, आणि गोंधळून मला विचारले, “ऐंशी कसं असेल?” आपल्याकडे गोडी ब्रिक्समध्ये मोजतात आणि येथे एक्सले नावाच्या अंशांत. ऐंशी एक्सले म्हणजे सुमारे १९ ब्रिक्स, हे शेतकऱ्याने बोटांनी हिशेब करून सांगितल्यावर नानांचा चेहरा खुलला. त्याने एक घड तोडून दिला. मणी लहान, साल जाड, आत बिया. नाना म्हणाले की पिंपळगावच्या बाजारात याला कुणी हात लावणार नाही, आणि तो घड त्यांनी शेवटच्या मण्यापर्यंत खाल्ला. मी दोघांमधली दुभाषी होते, पण अर्धा वेळ माझी गरजच पडली नाही. वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते हे नानांनी सांगितले तेव्हा मात्र त्या माणसाने मला ते वाक्य पुन्हा भाषांतर करायला लावले, कारण येथे वेल हिवाळ्यात झोपते आणि छाटणी एकदाच होते.

दुपारी आम्ही एडेनकोबेनच्या खोऱ्यातून जंगलात चढलो आणि उतरताना नाना पडले. चूक पूर्णपणे माझी होती. येथील भाड्याच्या पुष्कळ सायकलींना पायाचा ब्रेक असतो, म्हणजे पेडल उलटे फिरवले की मागचे चाक आवळले जाते. आपल्याकडे उतारावर पेडल उलटे फिरवत राहण्याची सवय असते. ओल्या पाल्यावर नानांनी तेच केले, चाक घसरले, कोपर आणि तळहात खरचटले. मी त्यांना निघण्यापूर्वी सांगायला हवे होते. आपण हे सासऱ्यांना आणि मुलाला स्टेशनच्या आवारातच करून दाखवावे.

रात्री भावाने फोनवर पट्टी पाहिली आणि म्हणाला, “ज्या सायकलवरून उतरायला नानांना पंचवीस वर्षं लागली, तिच्यावरच तू त्यांना परत बसवलंस.” हे वाक्य मला लागले, कारण त्यात तथ्य आहे. नानांनी दुधाचे कॅन सायकलला अडकवून डेअरीला नेले तेव्हा ती हौस नव्हती. पण ओझे वाहण्याची सायकल आणि ओझे नसलेली सायकल यांत फरक आहे, आणि तो ठरवण्याचा अधिकार नानांचा आहे, माझा नाही आणि भावाचाही नाही. पुढच्या रविवारी भावाने गाडीने एका दिवसात संपूर्ण वाइन मार्ग ‘केला’. नानांनी तीनदा थांब म्हटले, तिन्ही वेळा थांबायला जागा नव्हती किंवा पुढे ती लाल पाटी होती. लांडाउनंतर ते झोपले. गावी परतल्यावर त्यांनी पारावर सांगितले ते त्या मीटरविषयी.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे की गाडी घेऊ नये. तीन दिवस ठेवावेत, मुक्काम नॉयश्टाटला करावा आणि दोन दिवस बागांमध्ये, एक दिवस जंगलात घालवावा. नॉयश्टाट ते लांडाउ रेल्वे बागांना समांतर धावते आणि माइकामर, एडेनकोबेन, एडेसहाइम अशी स्टेशने जवळजवळ आहेत, त्यामुळे कुणी थकले तर उरलेला प्रवास रेल्वेने करता येतो. येथील लोकल गाड्यांत सायकल शनिवार-रविवारी दिवसभर आणि इतर दिवशी सकाळी नऊनंतर विनाशुल्क नेता येते, तरी निघण्यापूर्वी नियम पाहून घ्यावा. सासऱ्यांसाठी बॅटरीची सायकल घ्यावी, जंगलातला चढ तिच्याशिवाय त्रासदायक आहे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी संपूर्ण वाइन मार्ग वाहनांसाठी बंद ठेवून उत्सव होतो, पण त्या दिवशी इतकी गर्दी असते की लहान मुलाला घेऊन जाऊ नये. जंगलातल्या विश्रामगृहांत साधे जेवण मिळते, शाकाहारी माणसाला पाव, पांढरे चीज आणि बटाट्याचे सूप पुरते. मात्र त्यांपैकी बरीच ठराविक वारीच उघडी असतात, म्हणून आधी चौकशी करावी.

हे सारे लिहून झाल्यावर दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. सासऱ्यांना गुडघ्याचा किंवा तोल जाण्याचा त्रास असेल तर माझे वरचे मत बाजूला ठेवावे आणि फक्त बागांतल्या सपाट रस्त्यांवर फिरावे. आणि जंगलात गवतावर बसू नये, तेथे गोचीड असते आणि तिच्या चाव्यातून गंभीर आजार होतात. संध्याकाळी मुलाच्या गुडघ्यांच्या मागे, काखेत आणि केसांच्या कडेला नीट पाहावे, आणि गोचीड चिकटलेली आढळली तर ती चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी.