सोनं जड की चांदी?

प्रश्न: सेम साइजची दोन नाणी हातात घेतली तर सोन्याचं एवढं जड का लागतं? मग १०० ग्रॅम सोनं १०० ग्रॅम चांदीपेक्षा जड असतं का?

उत्तर: नाही हो, १०० ग्रॅम म्हणजे १०० ग्रॅमच! फरक घनतेचा, सोन्याची १९.३ आणि चांदीची १०.५ ग्रॅम दर घन सेंटीमीटर, म्हणजे तेवढ्याच आकाराचं सोनं जवळपास १.८ पट जड भरतं. गंमत म्हणजे दोघांचे अणू साइजला जवळजवळ सारखेच, रचलेलेही एकाच पद्धतीने, पण सोन्याचा अणुभार १९७ नि चांदीचा १०८, मग वजन वाढणारच ना. बघायचंय? डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून झीरो करा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा (तळाला टेकलं की गेलं सगळं), जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे त्याचे घन सेंटीमीटर; नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की आली घनता.