मंडळीत नवीन आहेस? आधी सतरंज्या उचल

भावा, गाता येत नाही, चारचौघांत प्रार्थना करायला जीभ वळत नाही, मग मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, माझं काय काम, असं विचारलंस. बायबलमधलं १ करिंथ, म्हणजे प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र, त्याचा १२वा अध्याय काढ आणि २८व्या वचनावर थांब. पौलाने प्रेषित, संदेष्टे, रोग बरे करणारे यांच्याच रांगेत साहाय्य करणंही बसवलंय.

सुरुवातीला एवढंच कर:
- दोन-तीन महिने पडेल ते काम. सतरंज्या गुंडाळ, कप विसळ. जीव कशात रमतो ते त्यातच कळतं.
- एका वेळी एकच जबाबदारी घे. नवे लोक तरुण संघ, संडे स्कूल, गायनवर्ग सगळं धरतात आणि पावसाळ्यापर्यंत गायब.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कामांची उतरंड लावणं. मीही केलीय. पेटी वाजवायचो, त्याची लई ऐट. नाताळच्या जेवणाला डेगीपाशी उभ्या मावशींना म्हणालो, "तुमचं बरंय, फक्त रस्सा." त्या काही बोलल्या नाहीत, वाटीभर तांबडा हातात दिला. पुढे आई आजारी पडली तेव्हा दहा दिवस डबा त्यांनीच पाठवला.

टाळ्या वाजवून गाणाऱ्या दुसऱ्या मंडळ्यांनाही हसू नकोस. लग्नात वाचतात तो त्याच पत्रातला प्रीतीचा १३वा अध्याय मुळात कृपादानांच्या, म्हणजे देवाच्या आत्म्याने दिलेल्या देणग्यांच्या, वादातच लिहिलाय, १२ आणि १४च्या मधोमध.

अन्य भाषांचा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलण्याचा, विषय सध्या राहू दे. रविवारी अर्धा तास आधी ये, खुर्च्या लावायच्यात.