आधी सायलेन्सर उतरव, मग भाव सांग

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

गाडी विकायची म्हणून पाठवलेली तुझी खर्चाची यादी वाचली. कॉइलओव्हर (गाडी खाली बसवणारं सस्पेन्शन), हेडर (इंजिनाला जोडलेले धुराचे पाईप), जाडा सायलेन्सर, अलॉय चाकं, रेसिंगची बकेट सीट. खालच्या बेरजेवरून तू गाडीचा भाव काढलायस, तो काही मला पटला नाही. ती बेरीज तुझ्या हौसेची आहे. 2002 ची होंडा सिटी व्हीटेक बघायला येणारा माणूस तिचे पैसे मोजत नाही. उलट जमिनीला टेकलेली गाडी बघून त्याला आधी शंका येते, की ही एक्सप्रेसवेवर किती पिळली असेल!

तेव्हा माळ्यावरचा मूळ माल खाली काढ. स्प्रिंगा, शॉकअप, एअर फिल्टरचा डबा, सगळं. तू नंतर बसवलेलं जे सहज उतरतं ते उतरव आणि सुटं वीक. त्याला हौशी पोरं बरा भाव देतात. एखादा भाग सापडला नाही तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारून ये. सायलेन्सर मात्र मूळचाच हवा. उत्पादकाने नोंदवलेल्या रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि कर्कश सायलेन्सर दिसला की पुण्यात पोलीस बाजूला घेतातच. ती डोकेदुखी विकत कोण घेणार? जे उतरवता येत नाही ते बिलासकट कागदावर लिहून दे. विम्याला न कळवलेल्या बदलांवरून क्लेम अडकू शकतो, हेही त्याला आधीच सांग.

जाहिरातीत ताकदीचे आकडे नकोत. कंपनीचे 106 बीएचपी जाणकाराला पाठ असतात, बाकीच्यांना त्याचं काही नाही. त्यापेक्षा टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याच्या बिलाचा फोटो टाक. या इंजिनात तो तुटला तर इंजिनचं मोठं नुकसान होतं हे ज्याला माहीत आहे, तेच तुझं खरं गिऱ्हाईक. गंज असेल तर त्याचाही फोटो टाक. चाकांच्या कमानी आणि डिकीतलं स्टेपनीचं खोलगट माणूस वाकून बघणारच आहे.

तो यायच्या आधी गाडी गरम करून ठेवू नकोस. गार इंजिन त्याच्यासमोर चालू कर, पाठीमागे धूर बघू दे. चक्कर मारायला चांदणी चौकाकडे जा, तिथे चढही मिळतो. लायसन्सचा फोटो आधी घे, शेजारी तू बस, आणि किल्ली देऊन स्वतः खाली थांबणं तर अजिबात नको.

आता कागद, कारण खरी फजिती इथेच होते. पंधरा वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. म्हणजे तुझी 2017 ला झाली, 2022 ला झाली, पुढची 2027 ला. ती तारीख आणि पर्यावरण कराची पावती गिऱ्हाईक विचारणारच. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर आधी उतरव. ई-चलनं भरून टाक. नवी हाय-सिक्युरिटी नंबरप्लेट बसवून घे. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर समोरच्याचं नाव-पत्ता भरल्याशिवाय सही करायची नाही. एजंट म्हणतील, "कोरे द्या, आम्ही बघतो." ते गाडी पुढे विकून मोकळे होतात आणि आरसीवर नाव तुझंच राहतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईत नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी कितीही हातांतून गेलेली असो. समोरचा परराज्यातला असेल तर आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र) लागेल, त्याला वेळ धरून चाल.

पैसे खात्यात जमा झालेले स्वतः बघ; मोबाईलवर दाखवलेल्या पावतीवर किल्ली द्यायची नाही. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिही, दोघांच्या सह्या घे. संध्याकाळी सहाला गाडी दिलीस आणि सातला त्याने स्वारगेटला सिग्नल तोडला, तर तो कागद उपयोगी पडतो. विक्रीची खबर आरटीओला चौदा दिवसांत तुझ्याकडून गेली पाहिजे. ते त्याच्यावर सोपवू नकोस.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुझा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेव, तीन वर्षांत दुसरी गाडी घेतलीस तर चालेल. आणि शनिवारी मूळ स्प्रिंगा बसवणार असशील तर सकाळी फोन कर, माझ्याकडे स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं अवजार, आहे.