आधी काउन्सिल, मग सेनेट

अगं, तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, काकूलाही ऐकवला. इथे आयर्लंडमध्ये सेनेटर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची सदस्य, व्हायचंय म्हणालीस तेव्हा खरंच छान वाटलं. पण मग विचारलंस की काका, काउन्सिलची, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेची, भानगड टाळून थेट सेनेटला जाता येतं का. येतं. टीशख, म्हणजे इथला पंतप्रधान, 60 पैकी 11 जणांना स्वतः नेमतो, 6 जागा पदवीधर निवडून देतात. पण उरलेल्या 43 जागांसाठी मत कोण देतं ते बघ. देशभरच्या 31 काउन्सिलचे 949 काउन्सिलर, नवीन डॉलचे, म्हणजे खालच्या सभागृहाचे, खासदार आणि मावळते सेनेटर, सगळे मिळून बाराशेच्या आत मतदार. आपल्याकडे विधान परिषदेला स्थानिक स्वराज्य संस्थांचा मतदारसंघ असतो ना, साधारण तशातलंच. म्हणजे तुझ्या बाराशे मतदारांतले साडेनऊशे हे गल्लीतल्या खड्ड्यांवर रोज फोन घेणारे लोक आहेत, आणि ज्याने स्वतः ते फोन घेतले नाहीत तो त्यांना दोन मिनिटांत ओळखू येतो.

म्हणून मी म्हणतो आधी काउन्सिल. आणि यासाठी तुला आयरिश पासपोर्टची वाट बघायची गरजच नाही! लोकल इलेक्शनमध्ये इथे राहणाऱ्या 18 वर्षांवरच्या कुणालाही मत देता येतं आणि उभंही राहता येतं, नागरिकत्व कुठलंही असो. सेनेटला मात्र आयरिश नागरिकत्व आणि 21 वर्षं पूर्ण हवीत. मागची लोकल इलेक्शन 2024 ला झाली, दर पाच वर्षांनी होतात, म्हणजे पुढची 2029. वेळ आहे तुझ्याकडे, पण खूप आहे असं समजू नकोस.

काउन्सिलरच्या हातात फार काही नसतं हे आधीच सांगतो, नाहीतर नंतर निराश होशील. पोलीस नाही, शाळा नाही, रोजचा कारभार चीफ एक्झिक्युटिव्ह, म्हणजे नेमलेला अधिकारी, बघतो. बजेट आणि डेव्हलपमेंट प्लॅनवर मात्र काउन्सिलर मत देतात, आणि कुठे घरं होणार, कुठे मैदान राहणार हे त्या प्लॅनमध्येच ठरतं, तेव्हा तो प्लॅन पहिल्या पानापासून वाच.

एक गोष्ट सांगतो. मी ज्या काउन्सिलरबरोबर कॅनव्हासिंगला, म्हणजे दारोदार प्रचाराला, फिरायचो तो एका पावसाळी संध्याकाळी एका आजींच्या दारात उभा होता, आजी म्हणाल्या फुटपाथची कड उंच आहे, वॉकरचं चाक अडकतं. हा गडी तसाच भिजत खाली बसला, कडेची उंची वितीने मोजली आणि वहीत लिहून घेतली. तीन आठवड्यांनी त्याने आजींना फोन केला, काम झालं म्हणून नव्हे, तर अजून झालेलं नाही पण परत विचारलंय हे सांगायला. मी शेजारीच बसलो होतो. काम न झाल्याचा फोन करणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

दारात नुसतं नंबर वन मागू नकोस. इथे पसंतीक्रमाने मतं देतात, कुणी म्हणालं माझं मत शेजारच्याला ठरलंय, तर हसून म्हण मग मला दुसरं द्या. कितीतरी सीट्स अशा ट्रान्सफरवर, म्हणजे एका उमेदवाराकडून पुढच्या पसंतीकडे वळणाऱ्या मतांवर, निघतात. सेनेटच्या मोजणीत तर एकेका मतपत्रिकेची किंमत 1000 धरतात, म्हणजे ट्रान्सफरचे बारीक तुकडेसुद्धा मोजता येतात.

व्हिक्टर बॉयहन यांचं उदाहरण बघ. डन लेअरी-रॅथडाउन काउन्सिलमधले अपक्ष, पाठीशी पक्ष नाही, तरी 2016 मध्ये अ‍ॅग्रिकल्चरल पॅनलवरून (त्या 43 जागांच्या गटांपैकी एक) सेनेटर झाले, मग 2020 आणि 2025 ला परत आले. पक्ष नसताना तीनदा! सेनेटमध्ये गेल्यावरही ते काउन्सिलरांचे प्रश्न मांडत राहिले, मला त्यांचं हेच आवडतं. आणि हो, सेनेटर झालीस की काउन्सिलची सीट सोडावी लागते, दोन्ही ठेवता येत नाही.

हरण्याची भीती वाटते म्हणालीस. मालवणजवळच्या वराड गावचं ज्यांचं मूळ ते लिओ वराडकर, जे पुढे टीशख झाले, 1999 ला, विसाव्या वर्षी, लोकल इलेक्शन हरले होते. 2003 मध्ये रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांना काउन्सिलमध्ये घेतलं आणि 2004 ला पहिल्या पसंतीची 4,894 मतं मिळवून निवडून आले. ते पुढे डॉलमध्ये गेले, सेनेटमध्ये नाही, पण सुरुवात काउन्सिलचीच.

आणि सेनेटला काय अर्थ आहे असं कुणी म्हणालं तर वाद घाल. साधं बिल ते 90 दिवस अडवू शकतं. 2013 ला सेनेट बंद करायचं की नाही यावर सार्वमत झालं, लोकांनी 51.7 टक्क्यांनी नाही म्हटलं.

शनिवारी दहाला आम्ही पत्रकं टाकायला निघतोय, ये. वॉटरप्रूफ जॅकेट घाल आणि घरातला लाकडी कालथा आण. पत्रक त्याने लेटरबॉक्समधून आत ढकलायचं, बोटं घालायची नाहीत, तीन नंबरच्या घरातला कुत्रा दाराला चिकटूनच बसलेला असतो.

तुझा,
काका