तळपायांची आग आपोआप कमी झाली, म्हणजे नस बरी झाली का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आईंना १२ वर्षांपासून मधुमेह आहे. दोन वर्षं रात्री तळपायांची आग व्हायची, साध्या पेनकिलरने काही फरक पडला नाही, आणि गेल्या दीड महिन्यात औषध न बदलताच आग कमी झाली. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की हल्ली चालताना चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही. हे बरं होण्याचं लक्षण समजायचं का, असं विचारलंय.

मला स्वतःला १७ वर्षांपासून मधुमेह आहे. मी डॉक्टर नाही, पण या वाटेवरून गेलोय म्हणून सांगतो: चप्पल निसटल्याचं कळत नाही, हेच तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. आग कमी होत असताना बधिरपणा वाढत असेल, तर नस (रक्ताची नव्हे, संवेदना मेंदूपर्यंत नेणारी, म्हणजे मज्जातंतू) सुधारली नसून तिने निरोप पोहोचवणंच सोडलं असण्याची शक्यता जास्त. त्यांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.

माझ्या बाबतीत हेच झालं होतं. आग ओसरली, झोप लागायला लागली, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पाय मात्र सतत गार वाटायचे, म्हणून एका सकाळी गरम पाण्यात बुडवून बसलो. पाणी मला कोमट लागत होतं. बायकोने बादली उचलायला येऊन पाण्यात हात लावला आणि किंचाळून मागे घेतला. संध्याकाळपर्यंत दोन्ही पावलांवर फोड आले होते. डावा पाय भरून यायला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत एकदाही दुखायला हवं तसं दुखलं नाही, आणि भीती त्याचीच वाटत होती.

शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायांच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून वाढलेल्या साखरेचा मार आधी तिथे बसतो आणि हळूहळू वर सरकतो, बहुतेक वेळा दोन्ही पायांत सारखाच. दुखावलेली नस काही कारण नसताना आग, मुंग्या, करंट लागल्यासारख्या कळा पाठवत राहते. पार निकामी झालेली नस काहीच पाठवत नाही. त्यामुळे रात्री ज्या पायाची आग होते, त्याच पायात काटा रुतला तरी पत्ता लागत नाही, असं एकाच वेळी होऊ शकतं. हे समजायला मला फार उशीर झाला.

डॉक्टरांकडे पायांची तपासणी मुद्दाम मागून घ्या. १० ग्रॅम दाबाचा बारीक नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून आणि पायाच्या अंगठ्याच्या हाडावर कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क (धातूचा दुबेळका चिमटा) लावून संवेदना किती उरलीय ते पाहतात. पायाची नाडीही बघायला सांगा, कारण रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरत नाही. आई बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असतील तर व्हिटॅमिन बी१२ तपासाच. या गोळीने काहींचं बी१२ घटतं, त्यानेही असाच त्रास होतो आणि तो भाग दुरुस्त करता येतो. थायरॉइड आणि किडनीही सोबत पाहिलेली बरी. त्रास एकाच पायात असेल किंवा पायातली ताकद भरभर जात असेल, तर कारण वेगळं असू शकतं. तेही डॉक्टरांना सांगा.

साध्या पेनकिलर नसेच्या दुखण्यावर सहसा चालत नाहीत, आणि रोज घेतल्या तर त्यातल्या बऱ्याच किडनीला जड जातात. त्या स्वतःहून चालू ठेवू नका. या दुखण्यासाठी प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं असतात. डोस लहान सुरू करून हळूहळू वाढवतात, गुण यायला काही आठवडे जातात, आणि आग पूर्ण विझेलच असं नाही. निम्मी कमी होऊन झोप लागायला लागली तरी ते मोठं यश आहे. प्रीगाबालिनने मला सुरुवातीला गरगरायचं. वयस्कर माणसाचा रात्री उठताना तोल जाऊ शकतो, तेव्हा सोबत राहा. ही औषधं एकदम बंद करायची नसतात. आणि एक लक्षात ठेवा, ती दुखणं कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत. नसेची पुढची हानी रोखायची तर साखर, रक्तदाब आणि तंबाखू याकडेच बघावं लागतं. मात्र बरीच वाढलेली साखर घाईने खाली आणली तर नसेचं दुखणं काही काळ उलट भडकू शकतं. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) किती वेगाने उतरवायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

रात्री चादरीचा स्पर्श सोसत नसेल तर पायांशी एखादं खोकं ठेवून चादर त्यावर टाका. बर्फ किंवा गरम पाण्याची पिशवी पायाजवळसुद्धा नको.

आता रोजचं काम. पाय सांगत नाहीत म्हणून डोळ्यांनी बघायचं. रोज एका ठरावीक वेळी तळवे, टाचा आणि प्रत्येक बोटाच्या मधली जागा पाहा. आईंना वाकता येत नसेल तर तुम्ही पाहा, नाहीतर आरसा जमिनीवर ठेवा. धुवायचं पाणी त्यांनी पायाने जोखायचं नाही. शक्यतो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघावं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, क्रीम टाचेला आणि तळव्याला लावा, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापा. कुरूप किंवा घट्टा घरी ब्लेडने काढू नका, त्यावरची औषधी पट्टीही लावू नका, कातडी जळते. घट्ट्याखाली जखम दडलेली असू शकते, म्हणून तो डॉक्टरांनाच दाखवा. घरातसुद्धा अनवाणी फिरणं बंद. मागे पट्टा असलेली, पुढे ऐसपैस पादत्राणं घ्या, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना मापून बघा, आणि घालण्याआधी प्रत्येक वेळी आत हात फिरवा. मी फिकट रंगाचे मोजे घालतो, कारण रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो.

जखमेभोवती लाली पसरतेय, पू किंवा वास येतोय, कातडी काळी पडतेय, ताप आहे, तर त्याच दिवशी दाखवा. न दुखणारी जखमही थांबवून ठेवू नका, आणि दाखवेपर्यंत त्या पायावर भार टाकू नका. एक पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेलं दिसलं, पण फारसं दुखत नसलं, तर आतली हाडं खचत असू शकतात. त्याला शार्को फूट म्हणतात. लचक समजून चालत राहिलं तर पावलाचा आकार कायमचा बिघडतो. तेव्हा चालणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत आज रात्री एवढं करून बघा. आईंना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी अगदी हलकेच एक-दोन सेकंद बोट टेकवा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श कळला की त्यांनी हो म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी हो आलं नाही, तर संवेदना कमी झालीय असं समजा आणि कुठल्या बोटांना कळलं नाही ते लिहून न्या. सहाच्या सहा कळले तरी चप्पल निसटते हे डॉक्टरांना सांगाच.